कोऱ्या वेळापत्रकाचा शनिवार

शनिवारी सकाळी हॉलमध्ये शिरले तर समोरच्या भिंतीवर एक मोठा कागद लावलेला, त्यावर मार्करने चौकोन आखलेले, वर चार खोल्यांचे नंबर, डावीकडे वेळा, आणि आतले सगळे चौकोन रिकामे. बाजूच्या टेबलावर स्टिकी नोट्सचे गठ्ठे आणि पेनं. उद्घाटनाचं भाषण नाही, प्रमुख वक्ता नाही, छापील कार्यक्रमपत्रिका नाही. जमलो होतो साधारण चाळीस शिक्षक आणि विषय एवढाच की वर्गात टेक्नॉलॉजी वापरताना आपलं काय काय चाललंय ते एकमेकांना सांगायचं.

पहिली पाच-सात मिनिटं कुणीच पुढे जाईना. आपल्याला सवय असते ना, कुणीतरी वेळापत्रक देणार आणि आपण वहीत उतरवून घेणार. मग एक मॅडम उठल्या, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, दुसऱ्या खोलीच्या साडेदहाच्या चौकोनात चिकटवली आणि शांतपणे जागेवर येऊन बसल्या. ते बघून दुसरे सर उठले, मग तिसरं कुणी, आणि वीस मिनिटांत भिंत भरली. काही चिठ्ठ्यांवर 'मी हे दाखवू शकते' असं होतं, काहींवर नुसताच प्रश्न. मला प्रश्नांच्या चिठ्ठ्या जास्त आवडल्या. 'टॅब्लेट वाटून होईपर्यंत तास संपतो, काय करू?' अशी एक होती. एकीवर लिहिलं होतं, 'मुलं स्क्रीनकडे बघतात पण विचार करत नाहीत'. ती वाचून मी तिथेच थांबले, कारण ही चिठ्ठी मीसुद्धा लिहिली असती.

या पद्धतीचा इतिहास मला आधी माहीत नव्हता, नंतर घरी येऊन वाचला आणि फार बरं वाटलं. हॅरिसन ओवेन नावाच्या माणसाने 1980च्या दशकात एक मोठी परिषद भरवली होती, वर्षभर राबून, आणि शेवटी लोक काय म्हणाले तर सगळ्यात छान गप्पा मधल्या सुट्टीत झाल्या. मग 1985 मध्ये त्याने पूर्ण परिषदच मधल्या सुट्टीसारखी करून टाकली, गोल मांडलेल्या खुर्च्या, कोरी भिंत आणि ज्याला जे बोलायचंय ते त्याने भिंतीवर लावायचं. त्याला ओपन स्पेस म्हणतात. पुढे 2005 मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला कॉम्प्युटरवाल्या मंडळींनी बारकॅम्प सुरू केलं तेही असंच, सगळ्यांनी मिळून उभं केलेलं. शिक्षकांमध्ये ही कल्पना दोन वाटांनी आली, स्कॉटलंडमध्ये 2006 ला टीचमीट सुरू झालं, तिथे सात मिनिटांत किंवा दोन मिनिटांत आपल्या वर्गातली एक गोष्ट सांगायची, आणि 2010 च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात पहिला एडकॅम्प झाला. एडकॅम्पचे नियम मला मनापासून पटले. प्रवेश फुकट, कंपन्यांनी माल विकायला यायचं नाही, कुणीही सेशन घेऊ शकतं, आणि दोन पायांचा नियम. म्हणजे तुम्ही बसलाय तिथे तुम्हाला काही मिळत नसेल आणि तुम्हीही काही देत नसाल तर उठायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं, माफी मागायची नाही, कुणी राग मानायचा नाही.

कंपन्यांना बोलू न देण्याचा नियम का महत्त्वाचा ते मी अनुभवलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात स्मार्ट बोर्ड बसवला तेव्हा ट्रेनिंग म्हणून पूर्ण दिवस आम्हाला मेनूमधली बटणं दाखवली, हे इथे दाबा, हे तिथे दाबा. माझ्या वर्गातल्या मुलांना अपूर्णांक का जड जातो हे त्या दिवसभरात एकदाही कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण तिथे विचारायला जागाच नव्हती. त्यामुळे पुढे तो बोर्ड फक्त व्हिडिओ दाखवायला वापरला गेला आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चूक बोर्डाची नव्हती.

आता ज्या सेशनसाठी ही पोस्ट लिहायला बसले ते सांगते.

सातवीला गणित शिकवणाऱ्या एक मॅडम कार्डं घेऊन आल्या होत्या. प्लिकर्स नावाची सोय आहे, त्यात मुलांकडे मोबाईल किंवा टॅब्लेट काहीच लागत नाही. प्रत्येक मुलाला कागदाचं एक कार्ड, त्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांची एक आकृती, प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार कडांवर बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर वाटतं ती कड वर करून कार्ड उंच धरायचं, शिक्षक आपल्या मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणाचं उत्तर काय ते सगळं स्क्रीनवर येतं. शेजारच्याचं कार्ड बघून काही कळत नाही, कारण आकृती वेगळी आणि अक्षर बारीक, त्यामुळे जो मुलगा एरवी आजूबाजूचे हात बघून आपला हात वर करतो त्यालाही स्वतःचं उत्तर द्यावं लागतं.

मॅडमनी आम्हालाच विद्यार्थी केलं. प्रश्न टाकला, 0.6 आणि 0.45 यात मोठी संख्या कोणती? आम्ही अर्थातच बरोबर उत्तर दिलं. मग त्यांनी त्यांच्या वर्गातली गंमत सांगितली, की बरीच मुलं 0.45 म्हणतात कारण पंचेचाळीस हे सहापेक्षा मोठे. म्हणजे पूर्ण संख्यांचा नियम उचलून दशांश चिन्हाच्या पलीकडे नेऊन ठेवतात. कार्डांमुळे हे त्यांना दोन मिनिटांत दिसलं, एरवी परीक्षेचे पेपर तपासताना कळायचं आणि तोपर्यंत धडा मागे पडलेला असायचा.

इथपर्यंत छान चाललं होतं, एखाद्या नेहमीच्या प्रशिक्षणात इथेच टाळ्या झाल्या असत्या आणि सेशन संपलं असतं. पण मागे बसलेले एक सर म्हणाले, "मॅडम, ज्यांनी 0.6 सांगितलं त्यांना तरी समजलंय का?" मॅडम म्हणाल्या, म्हणजे? सर उठून फळ्यापाशी गेले आणि लिहिलं, 0.3 आणि 0.35. म्हणाले, आता हे विचारा. काही मुलं असं धरून चालतात की शतांश म्हणजे बारीक तुकडे, म्हणून ज्या संख्येत शतांश आले ती लहान. ती मुलं पहिल्या प्रश्नाला 0.6 सांगतात, उत्तर बरोबर येतं, तुमच्या मोबाईलवर हिरवं दिसतं, आणि डोक्यातली चूक तशीच राहते. दुसऱ्या प्रश्नाला तीच मुलं 0.3 सांगतील.

खोलीत एकदम शांतता. मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. पुढची पंचवीस मिनिटं कार्डांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, बोलणं सगळं प्रश्नांवर. चुकीच्या विचाराने बरोबर उत्तर येणार नाही असा प्रश्न कसा बनवायचा, चारातले तीन पर्याय नुसते भरतीचे न ठेवता प्रत्येक पर्यायामागे एक खरी गैरसमजूत कशी ठेवायची, म्हणजे मुलाने कुठलं कार्ड धरलं यावरून तो कुठे अडकलाय ते कळेल. विज्ञानाच्या एक मॅडम म्हणाल्या की आमच्याकडेही तसंच, 'उन्हाळा का येतो' विचारलं की सूर्य जवळ येतो म्हणून हा पर्याय ठेवायलाच हवा, कारण अर्धा वर्ग मनात तेच धरून असतो. कुणीतरी एरिक मझूर यांची पद्धत सांगितली, हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना 1990च्या दशकात त्यांनी ती बसवली, प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या मधे असतील तरच शेजाऱ्याशी बोलायला लावायचं, त्याहून कमी असतील तर कुणालाच धड माहीत नाही म्हणून परत शिकवायचं, जास्त असतील तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. मला हे आधी ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी 'शेजाऱ्याशी बोला' असं सरसकट सांगत आले.

माझ्या मते त्या दिवसाचं सगळं सार त्या सरांच्या एका प्रश्नात होतं. ते सर सेशन घ्यायला आले नव्हते, त्यांची भिंतीवर चिठ्ठी नव्हती, ते नुसते मागे बसले होते, आणि खुर्च्या रांगेत असत्या, पुढे माईक असता, तर ते बोललेच नसते. टेक्नॉलॉजीने मॅडमना उत्तरं पटकन दाखवली हे खरंच, पण त्या उत्तरांचा अर्थ लावायला दुसरा शिक्षकच लागला.

बाकीच्या खोल्यांतलं पटापट सांगते. एका सरांनी मोबाईलच्या पांढऱ्या स्क्रीनवर बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवला आणि म्हणाले जवळून बघा. थेंबात लाल, हिरवे, निळे ठिपके! पांढरा रंग कुठे नाहीच. थेंब भिंगाचं काम करतो आणि स्क्रीनचे पिक्सेल उघडे पडतात. प्रकाशाच्या धड्याला याहून सोपा प्रयोग मी पाहिलेला नाही, आम्ही मोठी माणसं पाच मिनिटं वाकून वाकून बघत होतो. दुसऱ्या खोलीत फेटची सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, चालू होती, भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेली, वायर आणि बल्ब जोडून सर्किट करून बघायचं वगैरे, त्यातली बरीचशी डाऊनलोड करून ठेवली की नेट नसतानाही चालतात, हे कळल्यावर तीन जणींनी तिथल्या तिथे पेन ड्राइव्ह काढले. एका ठिकाणी जिओजेब्राचं, म्हणजे आकृत्या आणि आलेख काढून गणित शिकवायच्या सॉफ्टवेअरचं, सेशन होतं, तिथून मी दहा मिनिटांत उठले. चांगलं नव्हतं असं नाही, मी ते आधीपासून वापरते म्हणून. उठताना फार अवघडल्यासारखं झालं, पण सेशन घेणाऱ्या मॅडम नुसत्या हसून मान हलवून पुढे बोलत राहिल्या, तेव्हा त्या दोन पायांच्या नियमाचा अर्थ खरा कळला. उठून जाणं म्हणजे अपमान नाही हे आधीच ठरलेलं असलं की बसलेली माणसं खरंच ऐकायला बसलेली असतात.

दुपारी एका खोलीत बाहेरपर्यंत गर्दी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'काय फसलं'. निवृत्तीला आलेल्या एका मॅडमनी ती लावली होती. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की इथलं नाव आणि शाळा बाहेर जाणार नाही, आणि पहिली गोष्ट त्यांनी स्वतःची सांगितली. कॉम्प्युटरच्या तासाला लॉगिन करण्यातच निम्मा तास जायचा, कुणाचा पासवर्ड विसरलेला, कुणाचं स्पेलिंग चुकलेलं, आणि त्या घाईत त्या मुलांवर ओरडायच्या. "मुलांना कॉम्प्युटर म्हणजे माझं ओरडणं असं वाटायला लागलं होतं," असं म्हणाल्या. कुणी हसलं नाही. मग एका सरांनी त्यांची युक्ती सांगितली, वर्षाच्या सुरुवातीचा एक अख्खा तास फक्त लॉगिनचा, त्या दिवशी दुसरं काही शिकवायचंच नाही, आत जायचं, बाहेर यायचं, परत आत जायचं, आणि प्रत्येक मुलाचं लॉगिन लिहिलेली चिठ्ठी शिक्षकाकडच्या डब्यात. साधीच गोष्ट आहे हो, पण ती कुठल्या ट्रेनिंगच्या पुस्तकात लिहिलेली नसते.

मग मीही बोलले. एक वर्ष मी धडे रेकॉर्ड करून मुलांना लिंक पाठवायचे, घरी बघून या आणि वर्गात आपण गणितं सोडवू. रात्री जागून व्हिडिओ केले होते. निम्मी मुलं न बघता यायची आणि मला राग यायचा, मी त्यांना आळशी समजले. खूप उशिरा एका मुलीशी बोलताना कळलं की घरातला फोन एकच, तो बाबांबरोबर कामावर जातो आणि रात्री घरी येतो तेव्हा भावंडांचा नंबर आधी लागतो. तिने हे आधी सांगितलं नव्हतं कारण मी विचारलंच नव्हतं. हे सांगताना माझा आवाज भरून आला. शेजारच्या मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला आणि नंतर म्हणाल्या की व्हिडिओ टाकून देऊ नका, वर्गातच तीन गट करा, एक गट तुमच्याच लॅपटॉपवर व्हिडिओ बघेल, एक गणितं करेल, एक तुमच्याजवळ बसेल, आणि दर बारा-पंधरा मिनिटांनी गट फिरवा. व्हिडिओ तोच, फक्त घरून वर्गात आणलेला. रात्री जागून केलेलं ते काम वाया गेलं असं मी धरून चालले होते, त्यामुळे ते ऐकून मला काय वाटलं ते शब्दात नीट सांगता येत नाही.

एआयवरही सेशन झालं आणि तिथे वाद झाला, चांगला जोरात. एक सर मुलांना एआयने लिहिलेलं उत्तर देतात आणि त्यातल्या चुका शोधायला सांगतात, पाठ्यपुस्तक उघडून पुरावा द्यायचा. एका मॅडमचं म्हणणं की ज्या मुलांना अजून स्वतःचा एक परिच्छेद लिहिता येत नाही त्यांच्यासमोर तयार मजकूर ठेवायचाच कशाला, लिहिण्याची धडपड हीच तर शिकण्याची जागा. मला मॅडमचं पटतं, निदान लहान वर्गांसाठी तरी. पण सरांच्या वर्गातल्या एका मुलाने तपासून आणलेलं उत्तर त्यांनी दाखवलं, लाल पेनने चार ठिकाणी पान नंबर लिहून 'हे असं नाहीये' म्हणून, आणि ते बघून मॅडमही म्हणाल्या की नववी-दहावीला मी हे करून बघेन. एकमत झालं नाही. वेळ संपला तरी ते दोघं-तिघं जिन्यात उभे राहून बोलत होते.

तुमच्या इथे असं काही करायचं असेल तर एवढंच सांगेन की प्रत्येक खोलीत नोट्स घ्यायला एक माणूस आधी ठरवा. आमच्याकडे दोन खोल्यांत तसं कुणी नव्हतं आणि तिथे काय बोलणं झालं ते आता कुणालाच धड आठवत नाही. आणि भिंतीवरचा कागद फाडून टाकण्याआधी त्याचा फोटो घ्या. ज्या चिठ्ठ्यांना खोली मिळाली नाही त्यासुद्धा त्यात येऊ द्या, पुढच्या वेळची सुरुवात तिथूनच होते. आणि हो, प्रोजेक्टर प्रत्येक खोलीत नसला तरी चालतो. जिथे तो नव्हता तिथे लोक एकमेकांकडे बघून बोलले.

सोमवारी मी वर्गात गेले. कार्डं छापून झाली नव्हती, मग प्रत्येकाला एक कोरा कागद चार घड्या करून घ्यायला लावला, एकेका भागात ए, बी, सी, डी, उत्तराचा भाग पुढे ठेवून छातीशी धरायचा, इकडेतिकडे बघायचं नाही. पहिला प्रश्न 0.6 आणि 0.45. बहुतेकांचं बरोबर. गेल्या वर्षी मी इथेच खूश होऊन पुढे गेले असते. मग दुसरा, 0.3 आणि 0.35, आणि माझ्या डोळ्यांसमोर कागद फिरले. पहिल्या प्रश्नाला बरोबर असलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी 0.3 धरलं होतं, त्यात माझी एक अतिशय हुशार मुलगी, जिची वही मी कधी नीट तपासतही नाही कारण बरोबरच असणार.

मी काही सांगितलं नाही. म्हटलं शेजाऱ्याला पटवून द्या. ती मुलगी ठामपणे सांगत होती की पस्तीस शतांश म्हणजे बारीक तुकडे, दशांश मोठे असतात, म्हणून 0.3 मोठी. शेजारचा मुलगा फार बोलत नाही कधी. त्याने वहीत पट्टीने एक रेघ काढली, तिचे दहा भाग केले, तिसऱ्या भागावर खूण केली आणि म्हणाला, हे तुझे तीन. मग त्याच्या पुढच्या भागाचे पुन्हा बारीक बारीक दहा तुकडे करायला बसला, आणि ती वाकून मोजायला लागली, एक, दोन, तीन, चार, पाच.